आधी जाळी आणि फळी, मग पट्टा: छपराच्या कामाच्या नियमांबद्दल खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, महाराष्ट्र राज्य

प्रत माहितीसाठी: कामगार विभाग, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ, आणि ज्यांच्या छपरांवर आम्ही चढतो ते सर्व कारखानदार

विषय: कारखान्यांच्या छपरांची कामे, पडण्यापासून संरक्षणाचे नियम आणि लहान ठेकेदारांवरचा भार

महोदय,

होळी झाली की पत्र्याच्या कामाचे फोन सुरू होतात आणि मृग लागेपर्यंत थांबत नाहीत. गळका सिमेंट पत्रा बदलायचा, गंजलेला कलर पत्रा काढायचा, गटर साफ करायचे, स्क्रूचे वाळलेले रबर वॉशर बदलायचे. वर्षभर छपराकडे मान वर करून न पाहणाऱ्या कारखान्याला मेअखेर सगळे उरकून हवे असते. हे पत्र लिहिणारे आम्ही पत्रे बसवणारे ठेकेदार, फॅब्रिकेटर आणि साइटवरचे सुरक्षा पर्यवेक्षक आहोत. आम्हाला नियमांतून सुटका नको आहे. आजचे नियम जिथे खर्च करायला लावतात तिथे माणूस पडत नाही आणि जिथे पडतो तिथे खर्च कोणी करायचा हे लिहिलेले नाही, एवढेच सांगायचे आहे.

वेळही योग्य आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली. १९४८ चा कारखाने अधिनियम आणि १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा तिच्यात आले. जुने नियम नव्या चौकटीत बसवले जात असताना छपराच्या कामाला चार ओळींची स्वतंत्र जागा मिळाली, तर पुढची तीस वर्षे तिचा उपयोग होईल.

आता मुळाशी येतो. छपरावरून पडणे म्हटले की डोळ्यांसमोर कडा येते. उंचीवरच्या कामाच्या परवान्याचे छापील फॉर्मही कडाच गृहीत धरतात: उंची १.८ किंवा २ मीटरपेक्षा जास्त आहे का, पट्टा आहे का, हेल्मेट आहे का. आमच्या धंद्यात ज्याची खरी धास्ती असते ते वेगळेच. माणूस छपरातून आरपार जातो.

सिमेंटचा नालीदार पत्रा ६ मिलिमीटर जाडीचा, १.०५ मीटर रुंद. खाली पर्लिन, म्हणजे पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या दांड्या, जास्तीत जास्त १.४ मीटर अंतरावर. नवा असताना तो काळजीपूर्वक टाकलेले पाऊल कधीकधी सोसतो, आणि नेमकी हीच त्याची फसवी बाजू आहे. वीस-पंचवीस पावसाळे झाले की शेवाळ चढते, भेगा पडतात, पत्रा पर्लिनला धरणाऱ्या जे-हूकच्या भोकांभोवती तो ठिसूळ होतो. मग तो वाकत नाही, कुरकुरत नाही, इशारा देत नाही; एकदम फुटतो. जुने कारागीर हूकच्या रांगेवरून, म्हणजे पर्लिनच्या डोक्यावरून चालतात आणि नव्यांनाही तेच शिकवतात. ती रांग चार बोटे रुंद आहे. हातात स्क्रू गन, खांद्यावर दोरी, डोक्यावर मे महिन्याचे ऊन. एक पाऊल बाजूला पडले की हिशेब संपला. हूकच्या रांगेवरून चालणे ही सुरक्षित पद्धत समजणे थांबले पाहिजे, आणि हे आम्ही आमच्याच माणसांविरुद्ध लिहीत आहोत.

दुसरा सापळा फायबर पत्र्याचा. उजेडासाठी लोखंडी पत्र्यांच्या मधे बसवलेले हे पारदर्शक पत्रे पाच-सात वर्षांत पिवळे पडतात, वर धूळ बसते, आणि कोणी छपराला पांढरा किंवा चंदेरी रंग मारला की तेही त्याच रंगात बुडतात. नाली तीच, स्क्रू तेच. वरून बघणाऱ्याला फरक कळतच नाही. खालून मात्र चटकन दिसतो, म्हणून चढण्याआधी पाच मिनिटे शेडच्या आत उभे राहून वर पाहणे आणि कागदावर खुणा करणे ही पहिली पायरी असायला हवी. ती कुठल्याच फॉर्मवर नाही.

तिसरी गोष्ट अर्धवट बसवलेल्या पत्र्याची. नवा पत्रा टाकला, दोन स्क्रू मारले, बाकीचे 'मग एकदम मारू' म्हणून पुढे गेले. त्याच्या लोंबत्या टोकावर कोणी पाय दिला की पत्रा पाळण्यासारखा उलटतो. यावर उपाय फुकटचा आहे: पत्रा टाकला की त्याच वेळी प्रत्येक पर्लिनवर किमान कडेचे स्क्रू, आणि जो पक्का नाही त्यावर पाय नाही.

वाऱ्याचा हिशेबही सांगून ठेवतो, कारण 'वारा जास्त असल्यास काम थांबवावे' या वाक्याला साइटवर काही अर्थ नसतो. वाऱ्याचा दाब न्यूटनमध्ये, दर चौरस मीटरला, ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर असेल तर ६० न्यूटन. कलर पत्रा १.१ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब धरा: ६.६ चौरस मीटर. दाब झाला सुमारे ४०० न्यूटन, म्हणजे ४० किलोचा धक्का. अर्धा मिलिमीटर जाडीच्या त्या पत्र्याचे स्वतःचे वजन ३० किलोच्या आसपास. आडवा धरलेला पत्रा वाऱ्यात उभा झाला की तो माणसाला घेऊन जातो, माणूस त्याला नाही. मे महिन्यात वळवाच्या आधी असा वारा दुपारी तीननंतर पाच मिनिटांत उठतो. म्हणून नियमात आकडा लिहा: ताशी ३६ किलोमीटरला पत्रा उचलणे बंद. खिशात मावणारे वारामापक यंत्र ही काही परवडण्यापलीकडची वस्तू नाही. (सहा मीटरचा पत्रा उभा करताना जवळून जाणारी अकरा हजार व्होल्टची विजेची तार हा वेगळा विषय. तिथे तार बंद करून घेतल्याशिवाय काम नाही, एवढेच.)

आता पट्ट्याकडे, म्हणजे फुल बॉडी हार्नेसकडे येऊ. तपासणीला आलेला माणूस सगळ्यात आधी तोच बघतो, कारण तो खालून दिसतो. भारतीय मानक आयएस ३५२१ चा शिक्का असलेला हार्नेस, दोन दोऱ्या, धक्का शोषणारी पिशवी, सगळे अंगावर आहे. फोटो निघतो. दोरी अडकवली कशाला, हा प्रश्न फोटोत येत नाही.

साधे गणित मांडतो. छपरावर डोक्याच्या वर काही नसते, त्यामुळे दोरी पायाच्या पातळीवरच अडकते. दोरी २ मीटरची. माणूस पडला की धक्का शोषणारी पट्टी उसवत १.७५ मीटरपर्यंत लांबते. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत १.५ मीटर. पायाखाली राखीव १ मीटर. बेरीज ६.२५ मीटर. आपल्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान शेडची कडेची उंची ५ मीटरच्या आसपास असते, आणि खाली रिकामी फरशी नसते. लेथ असतो, प्रेस असतो, रॅक असते. म्हणजे नियमाप्रमाणे पट्टा घातलेला, नियमाप्रमाणे दोरी अडकवलेला माणूस दोरीने पुरता थांबवण्याआधीच मशीनवर आदळतो. फॉर्म मात्र पूर्ण भरलेला असतो.

गाडीच्या सीटबेल्टसारखा स्वतःहून आवळणारा ब्लॉक वापरला तर अंतर कमी लागते, पण त्याची पट्टी किंवा बारीक तार पत्र्याच्या कापलेल्या कडेवरून घासली की कडा सुरीचे काम करते. कडेवर घासायला चालेल असे उत्पादकाने लिहून दिलेला ब्लॉकच तिथे चालतो, आणि भाड्याच्या पेटीत सहसा तो नसतो.

दोन ट्रसच्या, म्हणजे छपर पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्यांच्या, मधे आडवी लाइफलाइन (दोरी अडकवायची तार) बांधली की प्रश्न सुटला, असेही समजले जाते. 'तार जितकी ताठ तितकी चांगली' हा समज मुकादमापासून इंजिनिअरपर्यंत सगळीकडे आहे. तार ताठ असेल आणि भार पडल्यावर तिची झोळ लांबीच्या फक्त ५ टक्के होत असेल, तर मध्यावर लटकलेल्या माणसाचा ६ किलोन्यूटनचा झटका तारेत ३० किलोन्यूटनचा ताण तयार करतो. तीन टन. ८ मिलिमीटर तारेची तुटण्याची ताकद याच्या फार वर नसते, आणि टोकाचा ट्रस तर एवढ्या आडव्या ओढीसाठी बनवलेलाच नसतो. झोळ जास्त ठेवली की ताण उतरतो, पण तेवढे अंतर खाली वाढते, आणि अंतरच तर आपल्याकडे नाही. शिवाय तारेच्या टोकाला तार आवळणाऱ्या तीन यू-क्लिप लागतात. साइटवर बहुधा एक असते, तीही उलटी.

दोरी कशाला अडकवू नये याची यादी अडकवण्याच्या यादीपेक्षा लांब आहे. २ मिलिमीटर पत्र्याची झेड पर्लिन, सॅग रॉड, जे-हूक, गटरचा ब्रॅकेट, पाइपचा क्लॅम्प, यांपैकी एकही नाही. मुख्य रॅफ्टर किंवा ट्रसची वरची दांडी, तिच्याभोवती पट्टा-स्लिंग किंवा बीम क्लॅम्प, एका माणसाला किमान १२ किलोन्यूटन सोसणारे. प्लेटिंग, डाइंग, पिकलिंग चालणाऱ्या शेडमध्ये तीही दांडी गटरजवळ हातोडीने ठोकून बघावी लागते. आम्लाच्या वाफेने आतून खाल्लेले लोखंड रंगाच्या थरामुळे बाहेरून धडधाकट दिसते.

मग करायचे काय? क्रम उलटा लावायचा.

पहिला पर्याय, छपरावर चढायचेच नाही. जुने सिमेंट पत्रे खालून काढता येतात. चाकांची परांची किंवा सिझर लिफ्ट लावायची, पर्लिनभोवतीचा हूक खालून बोल्ट कटरने तोडायचा, पत्रा पाण्याने भिजवायचा आणि अख्खाच खाली घ्यायचा. भिजवायचा कारण त्यात अॅस्बेस्टॉस आहे. फोडायचा नाही, ग्राइंडर लावायचा नाही, तोंडाला रुमाल नव्हे तर रेस्पिरेटर. ३ मीटरचा पत्रा ४० किलोच्या पुढे भरतो, त्यामुळे खाली घ्यायला दोन माणसे आणि दोर. ही पद्धत खाली जागा असेल तरच जमते. मशीन हलत नाहीत तिथे पुढचा पर्याय.

दुसरा, जाळी. खर्चाची सगळ्यात जास्त ओरड जाळीबद्दल होते, म्हणून आकडे देतो. १५ मीटर रुंद, ३० मीटर लांब शेड घ्या. दर ५ मीटरवर ट्रस, म्हणजे सहा गाळे. दोन्ही उतार मिळून सुमारे १८० सिमेंट पत्रे, साडेसात टन माल. मालकाला वाटते ४५० चौरस मीटर जाळी लागणार. लागत नाही. एका गाळ्याला ५ गुणिले १५, म्हणजे ७५ चौरस मीटर. ज्या गाळ्यात काम चालू आहे तिथे एक आणि त्याच्या पुढच्या गाळ्यात एक, अशा दोन जाळ्या पुरतात. काम सरकले की मागची काढून पुढे न्यायची. १५० चौरस मीटरमध्ये अख्खी शेड होते. चार जणांना एक जाळी बांधायला परांचीवरून दोन-अडीच तास धरा. सहा गाळ्यांचे मिळून दोन दिवस वाढतात. खरा भार एवढाच आहे, आणि तो दरात बसण्यासारखा आहे.

जाळी आयएस ११०५७ ची, ट्रसच्या खालच्या दांडीला दर अडीच मीटरच्या आत बांधलेली, कडेची दोरी सगळीकडे धरलेली. माणूस झेलणाऱ्या जाळीची भोके मोठी असतात, म्हणून पत्र्याचे तुकडे अडवायला तिच्यावर बारीक जाळी. खाली साधारण ३ मीटर मोकळी जागा. नेमके अंतर उत्पादकाच्या तक्त्यावरून घ्यायचे. बिघडते ते इथे: गाळ्यात ओव्हरहेड क्रेन असेल तर जाळी तिच्या वाटेत येते, म्हणून क्रेनचा मेन स्विच बंद करून कुलूप, आणि किल्ली पत्रेवाल्या मुकादमाच्या खिशात. वर वेल्डिंग चालू असेल तर ठिणगीने नायलॉन वितळते आणि खालून कोणाला दिसत नाही. जाळीत फुटके पत्रे साठत गेले तर माणूस पडतो तो पत्र्यांच्या धारेवर; रोज संध्याकाळी ती रिकामी करायची. आणि एकदा माणूस झेललेली जाळी पुन्हा वापरायची नाही.

तिसरा, फळ्या. सिमेंट पत्र्यावर पाय ठेवायचाच असेल तर फळी किमान ४५ सेंटिमीटर रुंद आणि ३ मीटर लांब हवी, म्हणजे ती तीन पर्लिनवर बसते. २२५ मिलिमीटरच्या दोन फळ्या आडव्या पट्ट्यांनी जोडल्या तरी चालते. ३८ मिलिमीटर जाडीच्या लाकडात तिचे वजन ३० किलोपर्यंत जाते, म्हणून ती वर न्यायचा सगळ्यांना कंटाळा. अॅल्युमिनियमची निम्म्याहून हलकी. दोन माणसांच्या जोडीला किमान तीन: दोन पायाखाली, एक पुढे सरकवायला. दोनच दिल्या की माणूस फळी सरकवण्यासाठी पत्र्यावर उतरतो. उतारावर फळीला वरच्या टोकाला हूक किंवा दोर हवाच, नाहीतर ती घसरगुंडी होते. फायबर पत्र्यावरून फळी टाकली तरी दोन्ही बाजूंना कठडा किंवा वर झाकण हवे.

कडेसाठी कठडा: एक मीटरवर वरचा पाइप, निम्म्यावर मधला, खाली १५ सेंटिमीटरची पट्टी, गटरच्या बाहेर परांचीवर किंवा भिंतीला धरलेल्या ब्रॅकेटवर.

या सगळ्यानंतर पट्टा. पट्टाही शक्यतो पडूच न देणारा, म्हणजे दोरी इतकी आखूड की माणूस कडेपर्यंत पोचतच नाही. त्याला खालचे सव्वासहा मीटर लागत नाहीत. पडल्यावर झेलणारा पट्टा वापरायचा असेल तर फॉर्मवर दोन आकडे सक्तीचे करा: खाली अंतर किती हवे, आणि किती आहे. दुसरा पहिल्यापेक्षा कमी असेल तर परवाना नाही. आणि लटकलेल्या माणसाला उतरवणार कोण, कशाने, हेही तिथेच लिहा. मांड्यांच्या पट्ट्यांत रक्त अडकते. काही मिनिटांत त्याला सोडवावे लागते. अग्निशमन दलाची वाट बघणे ही सुटकेची योजना होत नाही. शिडी, परांची किंवा लिफ्ट त्याच गाळ्यात तयार उभी पाहिजे.

आता भाराबद्दल, म्हणजे पैशांबद्दल आणि कागदांबद्दल.

छपराचे काम चौरस फुटाच्या दराने जाते. कारखानदार फॅब्रिकेटरला देतो, फॅब्रिकेटर पत्रे टाकणाऱ्या टोळीला. टोळी सहा-आठ जणांची. दर ठरताना जाळी, फळ्या, कठडा हे 'सर्वसमावेशक' या एका शब्दात गडप होते. जो प्रामाणिकपणे जाळी धरून दर देतो त्याचा दर वर जातो आणि काम दुसऱ्याला जाते. मग पुढच्या वेळी तोही जाळी धरत नाही. ही स्पर्धा पत्र्याच्या भावावर व्हावी, माणसाच्या पडण्यावर नको. म्हणून आमची मुख्य मागणी: छपराच्या प्रत्येक कामात संरक्षणाची बाब वेगळ्या ओळीत, मोजमापासह, आणि तिच्यावर दराची स्पर्धा नाही. जाळी चौरस मीटरने, कठडा मीटरने, फळ्या आणि परांची दिवसाने. सरकारी व महामंडळाच्या इमारतींच्या कामात हे दरसूचीतच घालता येईल. खाजगी कारखान्यात ती जबाबदारी भोगवटादाराची, म्हणजे कारखाना चालवणाऱ्याची. जाळी प्रत्यक्ष बांधली नाही तर त्या ओळीचे पैसे नाहीत. पैसे वाचवायचा मोह त्याने दोन्ही बाजूंचा जातो.

जबाबदारी भोगवटादाराची म्हणतो त्याचे कारण आहे. बांधकामाच्या तरतुदी १० कामगारांपासून सुरू होतात, कंत्राटी कामगारांच्या ५० पासून. सहा जणांची टोळी दोन्ही रेघांच्या खालून निघून जाते. तिला गाठणारा एकच धागा उरतो तो म्हणजे ज्याच्या छपरावर ती चढली तो कारखाना. १९४८ च्या कायद्याच्या ३२ व्या कलमातही उंचीवरच्या कामाची जबाबदारी कारखान्यावरच होती. ती नव्या नियमांत पातळ होऊ देऊ नका.

त्याच कारखान्याकडे छपराची माहितीही असते, किंवा असायला हवी. पत्रा कोणता, कोणत्या वर्षी बसवला, फायबर कुठे, खालची लोखंडी दांडी कुठे गंजली. कारखान्याला इमारत मजबूत असल्याचे स्थैर्य प्रमाणपत्र लागतेच. ते देणारा इंजिनिअर शेडमध्ये येतोच. त्या प्रमाणपत्राला छपराचे एक पान जोडा: नकाशा, ठिसूळ भाग लाल रंगात, दोरी अडकवायच्या जागा हिरव्या. ठेकेदाराने दर देण्याआधी ते पान त्याच्या हातात पडले पाहिजे. नवा कागद नाही, नवा निरीक्षक नाही. नव्या शेडच्या बांधकाम परवानगीत मात्र दोन अटी नव्याने घाला: प्रत्येक फायबर पत्र्याखाली वेल्डेड लोखंडी जाळी, आणि छपराच्या माथ्याच्या (रिजच्या) बाजूने दोरी अडकवायच्या कायमच्या अँकरची रांग. शेड उभी राहताना यांचा खर्च एकूण लोखंडात शोधूनही सापडणार नाही. नंतर लावायला गेले तर तेच काम धोक्याचे होते.

जे बोजे कमी करता येतील ते हे. आज एकाच माणसाला एकाच महिन्यात तीन कारखान्यांत तीन वेळा वैद्यकीय तपासणी, तीन वेळा उंचीची चाचणी आणि तीन वेळा तेच प्रशिक्षण द्यावे लागते, कारण एका कारखान्याचा पास दुसरा मानत नाही. प्रत्येक वेळी अर्धा-एक दिवस रोज बुडतो, आणि तो बहुतेकदा टोळीवाल्याच्या गळ्यात. राज्यभर चालणारे, वर्षभराचे एकच उंची-कार्ड काढा. कारखान्याने आपल्या आवाराची पंधरा मिनिटांची माहिती द्यावी, बाकी कार्डावर विश्वास ठेवावा. सहा जणांच्या टोळीला पूर्णवेळ सुरक्षा अधिकारी आणा म्हणू नका. त्याऐवजी टोळीचा मुकादम तीन दिवसांचे छपराचेच प्रशिक्षण घेतलेला असावा, आणि ते प्रशिक्षण वर्गातल्या स्लाइडवर नको, जमिनीपासून दीड मीटरवर उभारलेल्या खोट्या छपरावर हवे. परवाना एका पानाचा, मराठीत, आणि त्याच्यावर खालून बघून काढलेला छपराचा हातचा नकाशा.

साहित्याचे म्हणाल, तर लहान ठेकेदाराने १५० चौरस मीटर जाळी वर्षातून दोन महिन्यांसाठी विकत घ्यावी आणि उरलेले दहा महिने गोदामात उंदरांना द्यावी, हे होणार नाही. प्रत्येक मोठ्या औद्योगिक वसाहतीत एक साहित्य-भांडार हवे: ५ गुणिले १५ मीटरच्या आठ जाळ्या, चाळीस फळ्या, साठ मीटर कठडा, चाकांच्या दोन परांच्या, सुटकेचा एक संच. दिवसाच्या भाड्याने. परत आलेली प्रत्येक वस्तू पाहून नोंद, जाळीच्या चाचणी-दोऱ्यांची (ताकद तपासायला जाळीतच ठेवलेल्या) दरवर्षी तपासणी, बाद झालेले तिथल्या तिथे कापून टाकायचे म्हणजे ते भंगारातून परत साइटवर येणार नाही. जागा महामंडळाची, सुरुवातीचे साहित्य उद्योजकांच्या संघटनांचे, रोजचा खर्च भाड्यातून. कल्याणकारी मंडळ नोंदणीकृत कामगारांना सुरक्षा संच देते, त्यात हार्नेसही असतो. चांगली गोष्ट आहे. पण पट्टा अडकवायला जागा नसेल तर तो अंगावरचा कपडा आहे. संचासोबत फळी आणि जाळीचाही विचार व्हावा.

एका बाबतीत मात्र आमच्यातलेच काही जण तुमच्याकडे सवलत मागतील, आणि ती देऊ नका: 'लहान काम, थोडा वेळ' ही सवलत. गटरमधला पाला काढायचा आहे, एकच पत्रा फुटलाय, डांबरपट्टी चिकटवायची आहे, दहा मिनिटांचे काम आहे. या दहा मिनिटांसाठी कोणी फळी वर नेत नाही, आणि कारखान्याचाच इलेक्ट्रिशियन किंवा वॉचमन चढतो. लहान कामाला लहान पद्धत द्या: शिडीवरून किंवा परांचीवरून, छपरावर पाय न ठेवता, एकटा कधीच नाही. तेवढ्यात होत नसेल तर ते लहान काम नाही.

अमेरिकेत असेच झाले. तिथे बांधकामात ६ फुटांवर संरक्षण सक्तीचे. पण १९९५ मध्ये घरबांधणीवाल्यांच्या ओरडीवरून त्यांना तात्पुरत्या पर्यायी पद्धतींची मुभा दिली गेली. तात्पुरती मुभा डिसेंबर २०१० मध्ये मागे घेतल्याचे जाहीर झाले आणि ती संपली जून २०११ मध्ये. कॅलिफोर्नियात घरांच्या अनेक छपरांच्या कामाला २० फुटांपर्यंत मोकळीक होती. ती १ जुलै २०२५ ला जाऊन ६ फूट आले. पंधरा-वीस वर्षांत एक अख्खी पिढी दोरीशिवाय काम करायला शिकलेली असते, मग तिला बदलणे नियम करण्यापेक्षा अवघड. ब्रिटनने २००५ मध्ये उंचीचा आकडाच काढून टाकला आणि पडून इजा होईल का एवढेच विचारले. आपल्याकडे सिमेंट पत्रा तीन मीटरवर असो की नऊ, प्रश्न तोच आहे.

घरांबद्दल थोडेसे. कोकणातली शाकारणी, कौले परतणे, वाडीतला गोठा, पोल्ट्रीची शेड, यांच्यापर्यंत तुमचा निरीक्षक पोचणार नाही आणि पोचायची गरजही नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत जो तो स्वतःच पत्रे लावायला चढला होता. अशा ठिकाणी कागद नको. पत्रे विकणाऱ्या दुकानातच दोन फळ्या आणि एक छपराची शिडी, वरच्या टोकाला हूक असलेली, अनामत घेऊन भाड्याने मिळाली तरी पुष्कळ. हीच सोय सोलर पॅनेल बसवणाऱ्यांनाही लागेल. ते हल्ली आमच्यापेक्षा जास्त छपरांवर असतात आणि पत्र्याबद्दल त्यांना कमी माहिती असते.

राहिला मे महिना. नियम कितीही चांगले केले तरी सगळी कामे शेवटच्या तीन आठवड्यांत आली तर ते पाळले जाणार नाहीत: जाळ्या कमी, माणसे कमी, पत्रा दुपारी हात भाजेल इतका तापलेला, काम खरे तर सकाळी सहा ते अकरापर्यंतच होण्यासारखे. कारखान्यांना छपराची पाहणी दिवाळीनंतर आणि काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करायला लावा. १५ मेनंतर सिमेंट पत्र्याच्या छपरावर चढायचे असेल तर भोगवटादाराने उशीर का झाला ते स्वतःच्या सहीने लिहून द्यावे. ही एक ओळ दंडापेक्षा जास्त काम करेल असा आमचा अंदाज आहे.

आणि हे सगळे कागदावरच तोलायचे नसेल तर एक करा. येत्या फेब्रुवारीत, वसाहतीच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, कोणत्याही एका जुन्या शेडचा एक गाळा आम्हाला द्या. ७५ चौरस मीटरची जाळी, सहा फळ्या, एक चाकांची परांची आणि आठ माणसे आम्ही आणतो. तुमचे अधिकारी, दोन कारखानदार आणि दोन टोळीवाले यांनी समोर उभे राहावे, घड्याळ लावून प्रत्येक पायरीला किती वेळ गेला आणि किती रुपये लागले ते लिहावे. नियमात घालायचे आकडे त्या वहीतून घ्या.

आपले,
औद्योगिक वसाहतींत छपरांची कामे करणारे ठेकेदार, फॅब्रिकेटर आणि सुरक्षा पर्यवेक्षक